धाबं कुणाचं, वीज कुणाची

रविवारी रिंग रोडची कापड मार्केटं बंद असतात, म्हणून पर्वत पाटियातल्या सोसायट्यांच्या मीटिंगा बहुतेक रविवारीच ठरतात. विषय नेहमीचे: पाण्याची मोटर, लिफ्टची दुरुस्ती, पार्किंग, कुणाची थकबाकी. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांत एका नव्या विषयाची भर पडली आहे. धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, सोलार बसवायचं का?

सुरतच्या पूर्वेचा हा दाट वस्तीचा भाग. पर्वत पाटिया, लिंबायत, गोडादरा, डिंडोली, उधना या सगळ्या पट्ट्यात धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेली मराठी माणसं पिढ्यानपिढ्या राहतात. घरात अहिराणी, बाजारात गुजराती. कुणी लूमच्या खात्यात, कुणी डाइंग मिलमध्ये, कुणी मार्केटात पार्सलं उचलायला. बायका घरी बसून साड्यांना लेस लावतात, टिकल्या चिकटवतात, धागे कापतात. इथली धाबी कधी रिकामी नसतात. उन्हाळ्यात कुरडया-पापडांचं वाळवण, जानेवारीत उत्तरायणाचे पतंग, उकाड्याच्या रात्री अंथरुणं. आता त्याच धाब्यांवर पुरुषभर उंचीच्या लोखंडी पायांवर काळसर-निळे पॅनल उभे दिसतात, आणि त्यांच्या सावलीत कपडे वाळत असतात.

अशाच एका सोसायटीत, मीटिंगच्या आदल्या दुपारी, मामा आणि भाची यांची जुंपली. मामा मूळचे साक्री तालुक्यातले. पांडेसऱ्याच्या एका डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये वायरमन म्हणून त्यांची हयात गेली. सोसायटीचे सेक्रेटरी तेच. भाची पुण्यात नोकरी करते, स्मार्ट मीटरमधून येणाऱ्या नोंदींचा अभ्यास हे तिचं काम. दोघांनाही वीज कळते, त्यामुळे हा वाद अडाणी आणि शहाण्याचा नव्हता.

"सुरतला विजेची कमी कधी होती, ते सांग," मामांनी सुरुवातच तिथून केली. "वर उकाई आहे. काकरापारला अणुवीज आहे. कामरेजकडे गॅसवरचा एवढा मोठा प्लांट आहे. एवढं सगळं उशाला असताना माझ्या धाब्यावर कारखाना कशाला?"

त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. उकाईच्या धरणावर 300 मेगावॅटचं जलविद्युत केंद्र आहे आणि शेजारी कोळशावरचं. काकरापारला 220 मेगावॅटच्या दोन जुन्या अणुभट्ट्या होत्याच, त्यांत 700 मेगावॅटच्या दोन नव्या देशी बनावटीच्या भट्ट्यांची 2023 आणि 2024 मध्ये भर पडली. कामरेज तालुक्यातलं 'सुजेन' 1,147.5 मेगावॅटचं आहे. खानदेशातून आलेल्या माणसाला तर या शहराचा उजेडच आधी दिसला होता. तिकडे भारनियमनाच्या वेळापत्रकावर शेतातली मोटर चालायची, तेव्हा इकडे लूम रात्रंदिवस धडधडत असायचे.

"वीज आहे, मामा. पण ती कोणत्या वेळी आहे आणि कोणत्या वेळी लागते, प्रश्न तो आहे," भाची म्हणाली. "दुपारी बारा ते तीन सूर्याची वीज भरपूर. संध्याकाळी सात वाजता पंखे, टीव्ही, स्वयंपाकघर, एसी सगळं एकदम सुरू होतं, तेव्हा सूर्य नसतो. कोळशाचं केंद्र असं दर तासाला चालू-बंद करता येत नाही. अणुभट्टीचं तर नावच नको."

मग तिने विजेच्या जाळ्याचं, म्हणजे ग्रिडचं, मूळ गणित सांगितलं. तारेत वीज साठून राहत नाही. ज्या क्षणी जेवढी वापरली जाते, त्याच क्षणी तेवढीच तयार व्हावी लागते. हा तोल साधला की नाही हे वारंवारितेवरून कळतं. ती 50 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे 49.90 ते 50.05 च्या पट्ट्यात राहायला हवी. गुजरातचा हा तोल वडोदऱ्याच्या गोत्रीतल्या भार प्रेषण केंद्रातून सांभाळला जातो. तिथल्या पडद्यावर उकाईचा प्रत्येक संच दिसतो. पर्वत पाटियातलं तीन किलोवॅटचं धाबं दिसत नाही. अशी लाखो धाबी झाली आणि दुपारी शहरावर ढग आले, तर गोत्रीत बसलेल्या माणसाला एवढंच दिसतं की सुरतची मागणी अचानक उसळली. का उसळली, हे त्याला कळायला हवं असेल, तर धाब्यावरच्या मीटरला बोलता आलं पाहिजे. ग्राहकाला उत्पादक करायचं तर पॅनल हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग आहे तो या बोलण्याचा.

मामांना हे पटलं, पण वायरमनच्या डोक्यात दुसराच प्रश्न होता. "आम्ही लाइनवर चढायच्या आधी काय करायचो? मागून सप्लाय बंद. मागचा स्विच पडला की तार मेलेली, असं धरून हात लावायचा. आता पुढून, प्रत्येक घरातून वीज उलटी येणार. खांबावर चढलेल्या पोराचं काय?"

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. त्याचं उत्तर इन्व्हर्टरमध्ये आहे. जाळ्याला जोडलेला सोलार इन्व्हर्टर सतत तारेतला दाब आणि वारंवारिता चाचपत असतो. बाहेरची वीज गेली की तो स्वतःहून बंद पडतो, एका थेंबाएवढीही वीज बाहेर सोडत नाही. खांबावरच्या माणसाचा जीव त्यामुळे वाचतो.

"म्हणजे लाइट गेली की आपलं सोलारही बंद?" आतून मामींनी विचारलं. त्या साडीला लेस लावत बसल्या होत्या आणि इतका वेळ काही बोलल्या नव्हत्या. "भर उन्हात, डोक्यावर पॅनल असताना?"

"हो मामी. बॅटरी आणि तिच्या जोडीचा वेगळा इन्व्हर्टर घेतला नसेल, तर बंद."

मामींचा चेहरा पडला. पॅनल लावलं की लाइट जाणार नाही, अशीच समजूत घराघरांत आहे, आणि विकायला येणारा माणूस ती दूर करायच्या भानगडीत फारसा पडत नाही. ही गोष्ट व्यवहार ठरायच्या आधीच, मोठ्या अक्षरात सांगितली गेली पाहिजे. लोक पुढे नाराज होतात ते बहुतेक अशा न सांगितलेल्या गोष्टींवरून.

चहा झाल्यावर बोलणं पैशावर आलं, आणि इथे मामांनी वहीच काढली.

केंद्राची 'पीएम सूर्य घर' योजना फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर झाली. 75,021 कोटींची तरतूद आणि एक कोटी घरांचं लक्ष्य. पहिल्या दोन किलोवॅटला दर किलोवॅटमागे 30,000 रुपये अनुदान, तिसऱ्याला 18,000, म्हणजे जास्तीत जास्त 78,000. तीन किलोवॅटच्या संचाची सरकारने धरलेली किंमत सुमारे 1 लाख 45 हजार, त्यातून महिन्याला 300 च्या वर युनिटं निघतील असा अंदाज. मार्च 2025 मध्ये देशभरातली दहा लाख घरं या योजनेत आली. त्यांत गुजरात सगळ्यांत पुढे आणि महाराष्ट्र त्याच्या पाठोपाठ. गुजरातची आघाडी एका दिवसात आलेली नाही. 2019 मध्येच राज्याने 'सूर्या गुजरात' योजना काढून घरगुती धाब्यांना अनुदान द्यायला सुरुवात केली होती. त्याही आधी, 2010 नंतरच्या पहिल्या वर्षांत, गांधीनगरमध्ये कंपन्यांनी लोकांची धाबी भाड्याने घेऊन एकूण पाच मेगावॅट सोलार उभं केलं आणि घरमालकाला दर युनिटमागे तीन रुपये दिले.

"आता माझा हिशेब ऐक," मामा म्हणाले. "बिलाच्या मुदतीत मी वापरली त्याहून जास्त वीज तारेत सोडली, तर उरलेल्या युनिटला मला किती मिळणार? 2021 च्या धोरणात लिहिलंय, सव्वादोन रुपये. आणि मी वरच्या टप्प्यातलं एक युनिट विकत घ्यायला गेलो, तर इंधन अधिभार आणि शुल्क धरून ते सात-आठ रुपयांपर्यंत जातं. गांधीनगरवाल्याला नुसत्या भाड्याचे तीन मिळत होते. 2018 मध्ये 'सूर्यशक्ती किसान योजना' आली, तेव्हा शेतकऱ्याला पहिली सात वर्षं सात रुपये देऊ केले. शेतकऱ्याला सात, आणि मला सव्वादोन?"

भाचीने दर लपवला नाही, त्याची कारणं मांडली. शेतकऱ्याच्या सातातले साडेतीन वीज कंपनीचे होते, साडेतीन राज्य सरकारचे, आणि तेही सात वर्षांपुरते. त्यामागे वेगळा हेतू होता. शेतकऱ्याला वीज विकून पैसे मिळाले तर तो विनाकारण पाणी उपसणार नाही. खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावाने हे आधीच करून दाखवलं होतं. तिथल्या शेतकऱ्यांनी 2016 च्या सुमारास सौर पंपांची सहकारी मंडळी काढली, पंप चालवून उरलेली वीज मध्य गुजरात वीज कंपनीला 4 रुपये 63 पैशांनी विकली, आणि आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेने त्यावर बोनस दिल्याने हातात 7 रुपये 13 पैसे पडले. धाब्यावरच्या विजेचा दर मात्र मोठ्या प्रकल्पांशी तोलला जातो. डिसेंबर 2020 मध्ये गुजरातच्याच एका लिलावात सौर विजेची बोली 1 रुपया 99 पैशांपर्यंत उतरली होती. तेव्हाचा तो देशातला नीचांक. कंपनी म्हणते, बाहेर दोन रुपयांत मिळत असताना तुम्हाला सात का द्यावे?

"तो दोन रुपयांचा प्लांट माझ्या गल्लीत आहे का?" मामा गप्प बसणारे नव्हते. "तिथून वीज आणायला टॉवर लागतात, सबस्टेशनं लागतात, वाटेत गळती होते. माझ्या धाब्यावरचं युनिट कुठे जातं? दुपारी ते दोन गल्ल्या सोडून लूमच्या खात्यात जातं. त्या खातेदाराकडून कंपनी पूर्ण दर घेते. मधल्या पन्नास-शंभर मीटर तारेचं भाडं एवढं असतं का?"

इथे मामांचं पारडं जड आहे. सुरतसारख्या शहरात, जिथे घरं आणि यंत्रमाग एकमेकांना खेटून आहेत आणि मागणी भर दुपारीही थांबत नाही, तिथे शेजारी खपणाऱ्या युनिटची किंमत वाळवंटातल्या युनिटपेक्षा जास्त धरायला हवी. पण भाचीचा मुद्दाही खोडता येत नाही. रात्री हेच घर जाळ्याकडून वीज परत घेतं. दुपारी दिलेलं युनिट आणि रात्री घेतलेलं युनिट यांची एकास एक वजाबाकी होते, तेव्हा तारा, ट्रान्सफॉर्मर आणि रात्री राबणारं वीज केंद्र यांचा खर्च कुणाच्या तरी माथी पडतोच. कॅलिफोर्नियाने एप्रिल 2023 पासून नव्या ग्राहकांच्या विकलेल्या विजेचा मोबदला सुमारे 75 टक्क्यांनी कमी केला, तो याच युक्तिवादावर.

"म्हणून सांगते, विकायचा विचार करून पॅनल लावू नका," ती म्हणाली. "वापराएवढंच लावा. वाचवलेलं युनिट विकलेल्या युनिटपेक्षा तिप्पट मोलाचं आहे."

"मग मी उत्पादक कसला? बिल कमी झालेला ग्राहकच ना?"

यावर ती क्षणभर थांबली. केंद्राच्या 2020 च्या ग्राहक हक्क नियमांनी वीज वापरणाऱ्या आणि तयारही करणाऱ्याला 'प्रोझ्युमर' म्हणून मान्यता दिली. 2024 मध्ये दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक तपासणीची अटही काढली. कागदावर दर्जा मिळाला. दर ठरवताना, वेळ ठरवताना, कुणाला विकायचं हे ठरवताना मात्र या उत्पादकाला कुणी विचारत नाही.

आणि मग विषय अटळपणे स्मार्ट मीटरवर आला.

मे 2024 मध्ये वडोदरा आणि सुरतमध्ये लोक या मीटरविरुद्ध रस्त्यावर उतरले होते. प्रीपेड मीटर, आधी रिचार्ज आणि मग वीज, पैसे पूर्वीपेक्षा भराभर कापले जातात ही तक्रार. सरकारला मग जुना मीटर शेजारी ठेवून दोघांचं रीडिंग ताडून पाहण्याची तयारी दाखवावी लागली. देशभर 25 कोटी असे मीटर बसवायचे, हे 2021 च्या केंद्रीय योजनेतच ठरलं होतं. लोकांना ते समजावून सांगायचं मात्र राहून गेलं. रोज मजुरी कमावणाऱ्या घरात रविवारी रात्री शिल्लक संपली तर काय, या साध्या प्रश्नाचं उत्तर आधी द्यायला हवं होतं.

"मी तेव्हा विरोधातच होतो आणि आजही आहे," मामा म्हणाले. "जुना मीटर दोन महिन्यांनी एकदा माझं घर बघायचा. हा दर अर्ध्या तासाला बघतो."

भाचीने लॅपटॉप उघडून एक आलेख दाखवला. नाव-पत्ता काढून टाकलेल्या कुठल्याशा घराचा. पहाटे साडेपाचला एक सुळका: पाण्याची मोटर. सहा ते सातमध्ये दुसरा, रुंद: गीझर. साडेनऊनंतर रेघ जमिनीला टेकलेली, फक्त फ्रीजचे छोटे-छोटे दात. दुपारी एकला पुन्हा थोडी हालचाल. रात्री साडेअकराला सगळं शांत.

मामांनी चष्मा वर करून ते बराच वेळ पाहिलं. "साडेनऊ ते एक घरात कुणी नाही. हे मला कळलं, तर चोरालाही कळेल."

"कळेल," तिने मान्य केलं. "म्हणूनच ही नोंद कुणाकडे राहील, किती दिवस राहील, कुणाला देता येईल, हे ठरायला हवं. 2023 चा वैयक्तिक माहितीचा कायदा आहे, पण बिलाच्या मागे छापून कुणी सांगत नाही की तुमच्या मीटरच्या नोंदीवर तुमचा काय हक्क आहे. पण मामा, ही अर्ध्या तासाची नोंद नसेल, तर तुम्ही दुपारी दिलेलं युनिट जास्त मोलाचं होतं, हे सिद्ध कशावर करणार? महिन्याच्या एका आकड्यात दुपार आणि रात्र वेगळी दिसत नाही."

महाराष्ट्राचं उदाहरण तिच्या हाताशी होतं. तिथे जुलै 2025 पासून, वेळेची नोंद करणारे मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर दर युनिटमागे सवलत मिळते. दिवसा नोकरीवर जाणाऱ्या जोडप्याला तिचा फारसा उपयोग नाही. पण ज्या घरात बाई दिवसभर शिलाई मशीन चालवते, तिथे आहे. पर्वत पाटिया-लिंबायतची हजारो घरं अशीच आहेत. मामींचं काम सकाळी दहाला सुरू होतं आणि दिवेलागणीला संपतं. त्यांच्या मशीनचा वेळ आणि सूर्याचा वेळ एकच. विजेच्या दरांबद्दल बोलताना ऑफिसला जाणारं कुटुंब डोळ्यांसमोर असतं. घरात बसून कमावणारी ही बाई कुणाच्या हिशेबात नसते.

"आणि एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मी सांगते," भाची म्हणाली. "दक्षिण ऑस्ट्रेलियात एवढी धाबी झाली की सौम्य हवेच्या दुपारी वीज जास्त आणि मागणी अगदी कमी, असं होऊ लागलं. 14 मार्च 2021 ला तिथल्या जाळ्याच्या चालकांनी तोल सांभाळण्यासाठी लोकांच्या धाब्यांवरचं सोलार काही वेळ दुरून बंद करायला लावलं."

"म्हणजे कारखाना माझा आणि स्विच त्यांचा."

"कधीकधी, हो. हुशार जाळ्यात हेही येतं."

मामांना तिचा हा सरळपणा आवडला असावा, कारण त्यानंतर त्यांचा आवाज उतरला आणि त्यांनी मनातला खरा सल बोलून दाखवला. त्यांच्या इमारतीत निम्म्याहून जास्त घरं भाड्याने दिलेली. वरच्या मजल्यावर शहाद्याकडचं एक कुटुंब, खाली ओडिशाहून आलेले लूमवर काम करणारे चार जण. "धाबं ज्याचं, अनुदान त्याला. कर्ज त्याला. बिल शून्य त्याचं. ज्याला धाबं नाही त्याने काय करायचं? तो सगळ्यांत जास्त दर भरणार, तारांचा उरलेला खर्चही त्याच्याच बिलात येणार. आमच्या साक्रीत आधी ब्राह्मणवेलला पवनचक्क्या आल्या, मग शिवाजीनगरला 125 मेगावॅटचं सोलार आलं. डोंगरावर, माळावर वीज तयार होते, आणि गावातला मजूर ती बघत बसतो. इथेही तेच होणार असेल, तर यात नवं काय?"

मेहसाणा जिल्ह्यातल्या मोढेराचं उदाहरण भाचीने पुढे केलं. ऑक्टोबर 2022 मध्ये ते चोवीस तास सूर्यावर चालणारं देशातलं पहिलं गाव म्हणून जाहीर झालं. सुज्जनपुऱ्याला सहा मेगावॅटचा प्रकल्प, 15 मेगावॅट-तासांची बॅटरी, आणि तेराशेहून जास्त घरांवर एकेक किलोवॅट. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातल्या मान्याच्या वाडीनेही तसं करून दाखवलं. पण गावात बहुतेकांना स्वतःचं छप्पर असतं. पर्वत पाटियात चार मजल्यांवर सोळा बिऱ्हाडं आणि वर एकच धाबं. एका किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते. टाक्या, जिना, लिफ्टची खोली वगळली, तर प्रत्येकाच्या वाट्याला किती उरणार?

यातून वाट काढणारी युक्ती आहे, आणि स्मार्ट मीटरशिवाय ती चालत नाही. पॅनल एका जागी असावं, आणि त्याच्या विजेचा हिस्सा वेगवेगळ्या घरांच्या बिलांत वळता व्हावा. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने 2019 मध्ये अशा 'व्हर्च्युअल नेट मीटरिंग'चे नियम केले. लखनौमध्ये त्याही पुढचा प्रयोग झाला. धाब्यावर वीज करणाऱ्याने ती शेजाऱ्याला थेट विकायची आणि दोघांच्या मीटरांच्या नोंदींवरून संगणकाने सौदा जुळवायचा. त्या प्रयोगात शेजाऱ्याला मिळालेला दर नेहमीच्या दरापेक्षा 43 टक्के कमी निघाला. खाली राहणाऱ्या त्या चार लूम कामगारांना असा सौदा मिळाला, तर त्यांना छप्पर नसलं तरी चालेल.

मामा एकदम म्हणाले, "हे तर फडासारखं झालं."

पांझरेच्या काठी वाढलेल्या माणसाला हे सुचणारच. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर बंधारे घालून पाट काढायची फड पद्धत शतकानुशतकं चालत आली. पाणी कुणा एकाच्या मालकीचं नाही. फडात ज्याची जमीन, त्याला पाळीने पाणी. आधी कुणाला, किती वेळ, हे पाटकरी बघायचा. पिकाची राखण जागल्या करायचा. कमी पाण्याच्या वर्षी तुटवडा सगळ्यांनी वाटून घ्यायचा.

"बरोबर," भाचीला हा धागा सापडला. "स्मार्ट मीटर म्हणजे पाटकरीच."

"नाही. चुकतेस." मामांनी बोट उगारलं. "पाटकरी गावाने नेमलेला असायचा. त्याला धान्य गाव द्यायचं. त्याने पाळी चुकवली, तर त्याला पारावर उभं करून विचारता यायचं. तुझ्या मीटरला कुणी नेमलं? त्याने चुकीचं मोजलं, तर मी कुणाला उभं करू?"

या प्रश्नाला भाचीकडे तयार उत्तर नव्हतं, आणि तिने ते ओढूनताणून दिलंही नाही. जाळं हुशार करण्याची चर्चा मीटर, सॉफ्टवेअर आणि बॅटरी यांच्याभोवती फिरत राहते. मामांनी विचारलेली गोष्ट त्याआधीची आहे. मोजणारा कुणाला उत्तर देतो? धुंडीच्या शेतकऱ्यांनी हे ओळखलं होतं, म्हणून त्यांनी एकेकट्याने करार केले नाहीत, मंडळी काढली. शहरातल्या सोसायटीला कायद्याने सहकाराचा तोच सांगाडा आयता मिळालेला आहे. कमिटी आहे, ठराव आहेत, हिशेब तपासणी आहे. तो सांगाडा विजेसाठी वापरायचं अजून फारसं कुणाच्या मनात येत नाही, एवढंच.

दिवेलागणीपर्यंत दोघं वहीवर वाकून बसले होते. योजनेत सोसायट्यांसाठी वेगळं कलम आहे. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, गाड्यांचं चार्जिंग अशा सामाईक सोयींसाठी दर किलोवॅटला 18,000 रुपये अनुदान. हा एक मीटर असा, की त्याचं बिल मालक आणि भाडेकरू दोघांच्याही मेंटेनन्समध्ये येतं. तिथे वाचलेला पैसा, निदान तत्त्वतः, सगळ्यांचा.

भाचीने हिशेब मांडला. मोटर आत्ता पहाटे आणि रात्री चालते. महापालिकेचं पाणी खालच्या टाकीत येऊन पडतं, ते वर चढवायची वेळ आपल्या हातात आहे. दुपारी बारा ते दोनमध्ये चढवलं, तर सूर्याची वीज थेट वापरली जाईल, विकायचा आणि सव्वादोन रुपयांचा प्रश्नच येणार नाही. वरची भरलेली टाकी बॅटरीचं काम करेल, आणि तिला वेगळा खर्च नाही. मामांनी तिने धरलेला वीस किलोवॅटचा आकडा खोडून दहा केला. पावसाळ्यातल्या चार महिन्यांचं उत्पादन वेगळं लिहायला लावलं. पॅनल धुण्याची पाळी कुणाची, तीही नोंदवायला सांगितली, कारण खात्यांतून उडणारी धूळ आणि कबुतरं यांचा त्यांना चांगलाच अनुभव होता. उत्तरायणाच्या दिवसांत मुलांना धाब्यावर कुठपर्यंत जाऊ द्यायचं, हे मामींनी आतून सांगितलं. वाळवणाची दक्षिणेकडची बाजू मोकळी राहिली पाहिजे, हेही.

"दक्षिणेकडेच तर पॅनल लागतात, मामी."

"मग उंच लावा. खालून मला ऊन तिरकं मिळू दे."

ठरावाचा मसुदा मामांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला. पॅनलचं मीटर रीडिंग दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नोटीस बोर्डावर लावायचं. नवा स्मार्ट मीटर आला, तर पहिले काही महिने जुना शेजारी ठेवायची मागणी कंपनीकडे लेखी करायची. आणि तिसरं कलम, ज्यावरून दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये खजिनदारांशी वाद होणार हे त्यांना ठाऊक होतं: सामाईक बिलात जी बचत होईल, तेवढी कपात मेंटेनन्समध्ये करायची, आणि ज्या घरात भाडेकरू मेंटेनन्स भरतो, तिथे ती कपात त्याच्या पावतीत दिसली पाहिजे, मालकाच्या नाही.

"मालक ऐकणार नाहीत," भाची म्हणाली.

"सोळातले सात मालक इथेच राहतात. दोघांना मी समजावतो," मामा म्हणाले, आणि त्यांनी कलमाखाली वरच्या मजल्यावरच्या शहादेकराचं नाव सूचक म्हणून लिहिलं. मग भाडेकरूला ठराव मांडता येतो का, हे बघायला सोसायटीचे उपविधी शोधू लागले.